परवाना गेला, त्याबरोबर काय गेले?

टेक्सासमध्ये आपल्या जागेत कुणी पिस्तूल घेऊन येऊ नये असे दुकानदाराला, देवळाच्या विश्वस्तांना किंवा सभागृह चालवणाऱ्याला वाटत असेल, तर तो दारावर पाट्या लावतो. पाट्या, कारण एक पुरत नाही. परवानाधारकाने कपड्याआड लपवून पिस्तूल आणू नये यासाठी दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ची पाटी. त्याने ते कमरेला उघड लावून येऊ नये यासाठी ३०.०७ ची. आणि २०२१ पासून तिसरी, ३०.०५ ची, ज्याच्याकडे परवानाच नाही त्याच्यासाठी. अक्षरे किमान एक इंच उंच हवीत, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा. ह्यूस्टन किंवा डॅलसला गणपतीसाठी हॉल ठरवायला जाणाऱ्या मराठी मंडळींना या पाट्यांत आता काही नवल वाटत नाही. तिसऱ्या पाटीचे नवल मात्र वाटायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

जून २०२१ मध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सॅन अँटोनिओच्या अलामो किल्ल्यात समारंभाने परवान्याची अट काढणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि १ सप्टेंबरपासून २१ वर्षांवरील ज्या कुणाला कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई नाही, त्याला पिस्तूल जवळ ठेवून हिंडण्यासाठी परवान्याची गरज उरली नाही. टेक्सास यात पहिले नव्हते. व्हरमाँटने असा परवाना कधी मागितलाच नाही. तिथल्या न्यायालयाने १९०३ मध्ये रटलंड शहराचा परवान्याचा नियम रद्द केला, तेव्हापासून ते राज्य तसेच आहे. जवळपास शंभर वर्षे त्याच्या वाटेने कुणी गेले नाही. २००३ मध्ये अलास्का गेले, २०१० मध्ये ॲरिझोना, आणि त्यानंतर रांग लागली. कॅन्सस, मेन, टेनेसी, जॉर्जिया, ओहायो, इंडियाना, अलाबामा. फ्लोरिडा १ जुलै २०२३ रोजी. मार्च २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना, आणि त्याच वर्षी ४ जुलैपासून लुइझियाना, तेही १८ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकासाठी. पन्नासांपैकी २९ राज्ये झाली. एका पिढीच्या आत जी गोष्ट अपवाद होती ती बहुमत झाली.

बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद मी इथे घालत नाही. अमेरिकेत तो निदान कायद्यापुरता मिटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरवला, २०२२ च्या ब्रूएन निकालाने तो घराबाहेर आणला. माझा प्रश्न त्याहून फार लहान आहे. भरलेले पिस्तूल शर्टाखाली खोचून माणूस बाजारात, रांगेत, सिग्नलला आपल्या शेजारी उभा राहणार असेल, तर ते त्याला हाताळता येते का आणि कधी काढू नये हे त्याला ठाऊक आहे का, एवढे एकदा तरी कुणी पाहिलेले असावे की नाही? २९ राज्यांनी ‘नसले तरी चालेल’ असे उत्तर दिले आहे. मला ते चूक वाटते, आणि बंदुकीच्या बाजूने उभे राहूनही ते चूक ठरते असे मला दाखवायचे आहे.

परवाना म्हणजे नेमके काय होते ते आधी पाहू. टेक्सासमध्ये तो अजूनही मिळतो, ज्याला हवा त्याला. चार ते सहा तासांचा वर्ग. त्यात कायद्याने चारच विषय सांगितले आहेत: बळाचा वापर केव्हा कायदेशीर ठरतो, वाद मारामारीवर न नेता कसा मिटवायचा, पिस्तूल सुरक्षितपणे कसे वापरायचे, आणि घरात ते मुलांच्या हाती लागू नये म्हणून कसे ठेवायचे. मग मैदानावर माणसाच्या आकाराच्या कागदी लक्ष्यावर पन्नास गोळ्या. वीस गोळ्या तीन यार्डांवरून, वीस गोळ्या सात यार्डांवरून आणि उरलेल्या दहा गोळ्या पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतसुद्धा नाही. इतक्या जवळून, उभ्या, न हलणाऱ्या कागदावर, कुणी आपल्यावर गोळी झाडत नसताना. फी चाळीस डॉलर. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, आणि काम झाले. ही परीक्षा सोपीच होती. पण जो तीही पास होऊ शकत नाही, त्याच्या हातून गर्दीत गोळी सुटली तर ती कुठे जाईल याचा विचार करून पाहावा.

परवाना रद्द करणाऱ्यांकडे एक युक्तिवाद असा आहे की ज्याला मी मनापासून मान देतो. परवान्याचा इतिहास स्वच्छ नाही. १९५६ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, घरात पत्नी आणि तान्ही मुलगी असताना. त्यांनी पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. ज्या माणसाच्या जिवाला त्या शहरात सर्वांत जास्त धोका होता, त्यालाच अधिकाऱ्यांनी ‘योग्य व्यक्ती’ मानले नाही. न्यूयॉर्कचा १९११ चा सलिव्हन कायदा शंभर वर्षे अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालला. अर्जदाराला ‘सबळ कारण’ दाखवावे लागे, आणि कारण सबळ आहे की नाही हे साहेब ठरवत. ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कच्या गरीब आरोपींची वकिली करणाऱ्या संस्थांनीच न्यायालयाला सांगितले की हा कायदा मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांना तुरुंगात टाकण्यासाठी वापरला जातो. आपल्याकडच्या वाचकाला हे कळायला वेळ लागू नये. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि गोऱ्याला सूट दिली. काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले ते उगीच नाहीत. शस्त्राचा परवाना अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडला की तो कुणाच्या खिशात जातो आणि कुणाच्या नाही, हे सगळ्या जगात सारखेच घडते.

पण हा आजार लहरीचा होता, आणि त्यावर औषध निघाले आहे. २३ जून २०२२ रोजी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी सहा विरुद्ध तीन मतांचा ब्रूएनचा निकाल लिहिला तेव्हा त्यांनी अधिकाऱ्याचा ‘सबळ कारण’ विचारण्याचा अधिकार काढून घेतला. परवाना काढून घेतला नाही. उलट न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हना यांनी आपल्या स्वतंत्र मतात स्पष्ट लिहिले की ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण अशा ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे असे कायदे ४३ राज्यांत आहेत आणि ते तसेच राहू शकतात. म्हणजे अट पुरी केली की परवाना, साहेबाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. टेक्सासमध्ये हे १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच होते. फ्लोरिडात तर १९८७ पासून. ज्या राज्यांनी परवाना मोडीत काढला, तिथे लहरीचा रोग त्याआधीच संपला होता. न्यूयॉर्कचे दुखणे सांगून टेक्सासचा वर्ग बंद करणे हे प्रामाणिक नाही.

‘गुन्हेगार थोडाच परवाना काढायला जातो?’ हे वाक्य प्रत्येक विधानसभेत ऐकू येते. जात नाही, हे कबूल. पण परवान्याचे काम गुन्हेगाराला अडवणे एवढेच कधी नव्हते. ते काम सरळ माणसासाठी होते, ज्याने वाढदिवसाला पिस्तूल घेतले, दोनदा रेंजवर गेला आणि आता ते गाडीच्या कप्प्यात ठेवून कामावर जातो. त्याला कुणी सांगितलेले नसते की पार्किंगच्या जागेवरून झालेल्या भांडणात समोरच्याने शिवी दिली म्हणून पिस्तूल दाखवणे हा स्वतःच गुन्हा होऊ शकतो. शिवाय दुकानातून बंदूक घेताना १९९३ च्या ब्रेडी कायद्याप्रमाणे पार्श्वभूमी तपासली जाते, पण दुकानदार नसलेल्या माणसाकडून घेतली तर केंद्रीय कायदा अशी तपासणी मागत नाही. कित्येक राज्यांत परवान्याचा अर्ज हीच अशा माणसाची पहिली तपासणी असे. ती जागा आता रिकामी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. पिस्तूल बाळगणारे लोक सर्वसामान्यांपेक्षा जास्त कायदा पाळतात, असे आकडे देऊन सांगितले जाते. आकडे खरे आहेत. टेक्सासचे सार्वजनिक सुरक्षा खाते ते दरवर्षी प्रसिद्ध करते, आणि गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांत परवानाधारकांचा वाटा नगण्य असतो. पण हे आकडे परवानाधारकांचे आहेत. ज्यांनी वर्ग केला, ठसे दिले, परीक्षा दिली, त्यांचे. त्यांची शिस्त पुढे करून त्या शिस्तीचीच अट रद्द करायची, हे कुठले तर्कशास्त्र?

संशोधनाच्या बाबतीत मी जपून बोलेन. १९९७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी मांडले की पिस्तूल बाळगण्याची मुभा वाढली की गुन्हे घटतात. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने पुरावा तपासून सांगितले की कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की असे कायदे झाल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के जास्त दिसतात. मला ते काम अधिक भक्कम वाटते, पण ते सहज परवाना देणाऱ्या कायद्यांबद्दल आहे, परवानाच नसलेल्यांबद्दल नाही. दुसऱ्या बाजूला ओहायोचे ॲटर्नी जनरल डेव्ह योस्ट यांनी जानेवारी २०२४ मध्ये एक अभ्यास पुढे केला. त्यात नव्या कायद्यानंतरच्या वर्षात राज्याच्या आठ मोठ्या शहरांपैकी सहांत बंदुकीचे गुन्हे घटल्याचे दिसले. तेही खरे. मात्र त्याच काळात जिथे परवाना लागतो त्या राज्यांतही गुन्हे घटत होते. महासाथीच्या वर्षांत वर गेलेला आलेख सगळीकडेच खाली येत होता. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यांवरून कायदा चांगला की वाईट हे ठरवू नये, माझ्या बाजूनेही नाही.

आकड्यांपेक्षा लोकांच्या मनावर घटनांचा पगडा जास्त असतो, आणि समर्थकांची सर्वांत मोठी घटना ग्रीनवुडची आहे. इंडियानाचा कायदा १ जुलै २०२२ रोजी लागू झाला. १७ जुलैला इंडियानापोलिसजवळच्या ग्रीनवुडमधल्या मॉलच्या फूड कोर्टमध्ये एकाने रायफल चालवून तिघांना मारले. तिथे मैत्रिणीबरोबर आलेल्या २२ वर्षांच्या तरुणाने सुमारे चाळीस यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या. त्यातल्या आठ लागल्या, आणि सगळे पंधरा सेकंदांत संपले. तो नव्या कायद्याखालीच पिस्तूल बाळगत होता. त्याने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही, आणि हे मान्य न करणाऱ्याचे पुढचे बोलणे ऐकूच नये. पण चाळीस यार्डांवरून पिस्तुलाच्या दहापैकी आठ गोळ्या लागणे हे सरावाशिवाय होत नाही. त्याला ते आजोबांनी शिकवले होते. प्रत्येकाला असे आजोबा नसतात. २०१९ च्या डिसेंबरात फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंट गावात चर्चमधल्या हल्लेखोराला सहा सेकंदांत टिपणारा स्वयंसेवक तर स्वतः नेमबाजीचा शिक्षक होता. ज्या प्रसंगांनी हा पक्ष उजळतो ते सगळे शिकलेल्या हातांचे प्रसंग आहेत.

शिकलेला हातसुद्धा पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अर्वाडा गावात एकाने पोलिसाला ठार मारले. जॉनी हर्ली नावाच्या नागरिकाने आपल्या पिस्तुलाने त्या मारेकऱ्याला टिपले आणि त्याची रायफल उचलली. धावत आलेल्या दुसऱ्या पोलिसाला हातात रायफल घेतलेला माणूस दिसला. हर्ली त्याच्या गोळीने गेला. गोळीबार संपल्यावर आपले हत्यार कुठे ठेवायचे, हात कसे दिसू द्यायचे, पोलिसांशी काय बोलायचे, हे चांगल्या वर्गात पुन्हा पुन्हा शिकवतात, ते अशाच मरणांसाठी.

पोलिसांचा विरोध मला म्हणूनच सर्वांत वजनदार वाटतो. हे काही बंदुकीचे शत्रू नव्हेत. इंडियाना राज्य पोलिसांचे प्रमुख डग कार्टर यांनी विधिमंडळासमोर येऊन नव्या कायद्याला उघड विरोध केला, तोही स्वतःच्या राज्यातला सत्ताधारी पक्ष त्याच्या पाठीशी असताना. रात्री अडवलेल्या गाडीकडे चालत जाणाऱ्या पोलिसाला परवान्याच्या काळात निदान एवढे कळण्याची सोय होती की हा माणूस तपासलेला आहे. ओहायोत आधी परवानाधारकाने गाडी थांबवली की आपल्याजवळ पिस्तूल आहे हे स्वतःहून सांगणे बंधनकारक होते. जून २०२२ पासून विचारले तरच सांगायचे. आठ तासांचे प्रशिक्षणही त्याच दिवशी ऐच्छिक झाले.

परवाना म्हणजे अभय नव्हे. फिलांडो कॅस्टील यांच्याकडे परवाना होता. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये त्यांची गाडी अडवली गेली. शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाने शांतपणे, ‘सर’ म्हणून, आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे सांगितले. काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. ज्याचा रंग पोलिसाला आधीच संशयित दिसतो त्याच्या बाबतीत परवाना असूनही हे झाले. प्रत्येक गाडीत पिस्तूल असू शकते आणि ते कुणाचे, कसले, काहीच माहीत नाही, अशा रस्त्यावर त्या पोलिसाचा हात आणखी लवकर हलणार. त्याची किंमत कोण देणार? आधी कृष्णवर्णीय, मग लॅटिनो, आणि पेट्रोल पंपावरची रात्रपाळी संपवून घरी निघालेला आपला माणूसही. वंशभेदाच्या नावाने परवाना काढून टाकणाऱ्यांनी या रस्त्याचा विचार केलेला मला कुठे दिसत नाही.

गाडीतल्या पिस्तुलांचे आणखी एक दुखणे आहे. परवाना असो वा नसो, कित्येक जागी पिस्तूल आत नेता येत नाही. टेक्सासमध्ये ज्या जागेचे ५१ टक्के उत्पन्न दारूचे असते तिथे लाल रंगात ५१ आकड्याची पाटी असते आणि आत नेणे गुन्हा असतो. मग पिस्तूल कुठे राहते? पार्किंगमधल्या गाडीत, सीटखाली. आणि तिथून ते चोरीला जाते. डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्याच २०२२ च्या एका अभ्यासात बाळगण्याची मुभा वाढलेल्या मोठ्या शहरांत बंदुकांच्या चोऱ्या वाढलेल्या आणि पोलिसांचे गुन्हे उकलण्याचे प्रमाण घटलेले दिसले. गाडीत पिस्तूल कुलुपात कसे ठेवायचे हा वर्गातला दहा मिनिटांचा विषय आहे. वर्गच नाही म्हटल्यावर तो सांगणार कोण?

आता अशी एक बाब जी या राज्यांच्या जाहिरातीत कधी येत नाही. केंद्राचा १९९० चा शाळा-परिसर कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५ मध्ये रद्द केला, आणि अमेरिकी संसदेने दुरुस्त करून पुन्हा आणला. त्याप्रमाणे शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या आत सार्वजनिक रस्त्यावर भरलेली बंदूक जवळ असणे हा केंद्रीय गुन्हा आहे. सूट कुणाला? त्या राज्याने परवाना दिलेल्याला. ज्याला परवान्याची गरजच नाही असे राज्याने सांगितले, त्याच्याकडे परवाना नाही, म्हणजे सूटही नाही. शहरात एक हजार फूट म्हणजे दर दुसऱ्या-तिसऱ्या चौकात एक शाळा. राज्याच्या शब्दावर विसंबून घरातून निघालेला सरळमार्गी माणूस किराणा दुकानात पोहोचेपर्यंत केंद्राचा गुन्हेगार ठरू शकतो. खटले क्वचित होतात, पण ज्याच्यावर होईल त्याला ‘क्वचित’ या शब्दाने दिलासा मिळणार नाही. दुसऱ्या राज्यात गाडीने जाताना तर अनेक ठिकाणी परवान्याच्या परस्पर मान्यतेशिवाय चालतच नाही. जाणकार बंदूकधारी म्हणूनच आजही परवाना काढतात. ज्याला हे कुणी सांगितले नाही, तोच परवान्याशिवाय फिरतो.

पैशाचा मुद्दा खरा आहे. वर्गाची फी, अर्जाची फी, एका दिवसाची बुडालेली मजुरी. धोक्याच्या वस्तीत रात्री एकटीने दुकान सांभाळणाऱ्या बाईला हे परवडत नाही, आणि तिची गरज सर्वांत खरी आहे. मग फी माफ करा. सरकारी खर्चाने वर्ग घ्या, शनिवार-रविवारी, स्पॅनिशमध्ये, व्हिएतनामीमध्ये, गुजरातीमध्ये. जिच्यावर हिंसेची धमकी आहे तिला न्यायालयाच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी तात्पुरता परवाना द्या. अर्जावर तीस दिवसांत निर्णय नाही झाला तर परवाना मिळाला असे धरा. टेक्सासने २०२१ च्या कायद्यात विनामूल्य ऑनलाइन सुरक्षा-वर्गाची सोय केलीच आहे, पण तो करायचा की नाही हे ऐच्छिक ठेवले. तो सक्तीचा करायला आणि त्याला पन्नास गोळ्यांची परीक्षा जोडायला फारसा खर्च येत नाही.

उत्तर कॅरोलिनाच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये १८ वर्षांच्या मुलांनाही परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देणारे विधेयक संमत केले, आणि जूनमध्ये गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. नकाराधिकार हे काही कायमचे उत्तर नाही. वेस्ट व्हर्जिनियात २०१६ मध्ये आणि मिसूरीतही तो मोडून कायदा झाला. ज्या राज्यांत हा वाद अजून चालू आहे तिथल्या आमदारांपुढे ‘परवाना हवा की नको’ एवढाच प्रश्न ठेवला तर ‘नको’ जिंकेल, कारण सरकारी कागदावर कुणाचे प्रेम नसते. त्यांच्यापुढे फुकट वर्गाचे आणि तीस दिवसांच्या मुदतीचे विधेयक ठेवायला हवे, आणि मतदान नोंदवून घ्यायला हवे. तिथे राहणाऱ्या आणि मत देणाऱ्या मराठी माणसांनीही आपल्या आमदाराला हेच विचारावे: चार तास शिकवण्याला तुमचा विरोध नेमका कशासाठी आहे?